ख्रिस्ती शाळेतले गाणे आणि आपल्या चाली



गेल्या हिवाळ्यात अश्दोदहून नणंदबाईंचा फोन आला. तब्येतीच्या चौकशा झाल्या, गुडघ्यांचे रडगाणे दोन्हीकडून गाऊन झाले, आणि मग आवाज खाली आणून त्यांनी विचारले, "वहिनी, पोर चर्चमध्ये गाते म्हणे?"

फोन स्पीकरवर होता. हे पुढे सरसावून म्हणाले, "चर्चमध्ये नाही, शाळेत गाते. शाळा चर्चची आहे, एवढंच."

"म्हणजे तेच झालं की, दादा."

ते तेच होते की नाही, यावर आमच्या घरात तीन महिने काथ्याकूट चालला होता. म्हटले, एकदा लिहून काढावे. तुमच्यापैकी जे लंडनला, टोरांटोला, मेलबर्नला आहेत त्यांच्या दारातही हा प्रश्न कधीतरी येऊन गेला असेल. चांगली शाळा शोधायला निघावे तर ती पुष्कळदा चर्चचीच निघते.

आमचे हे पक्के ठाण्याचे, शाआर हाशामाईम सिनेगॉगच्या सावलीत वाढलेले. आमचे माहेर अलिबागकडचे. यांनी मध्य रेल्वेत आणि आम्ही वॉर्डात आयुष्य काढले. निवृत्त झाल्यावर मुलाकडे स्टुटगार्टला आलो. हे मोटारींचे शहर, म्हणून इंजिनियर मुलगा इथे. १९६८ पासून मुंबई आणि स्टुटगार्ट ही एकमेकांची भगिनी-शहरे आहेत, पण त्यामुळे इथे बेने इस्रायल वाढले असे काही नाही. आमच्या माहितीत आमचे एकच घर. हॉस्पिटालश्ट्रासेवरच्या सिनेगॉगमध्ये जातो. लोक प्रेमाने बोलावतात, पण बहुतेक मंडळी जुन्या सोव्हिएत मुलखातून आलेली, त्यामुळे बाकावरच्या गप्पा रशियनमध्ये आणि चालीही आपल्या नव्हेत. आपण 'आदोन ओलाम' ज्या चालीवर म्हणतो ती चाल तिथे फक्त आम्हा दोघांना येते. आम्ही ती मनात म्हणतो.

इथे चौथी झाली की मुलांची शाळा बदलते. नातीसाठी सुनेने प्रोटेस्टंट चर्चची शाळा निवडली आणि निवडली ती संगीतासाठी. पाचवी-सहावीत तिथे गायनवर्ग असतो. म्हणजे आवड असलेल्या चार मुलांना बाजूला काढून शिकवायचे असे नाही, तर अख्खा वर्गच गातो, आठवड्यातून अनेक तास, गणितासारखा वेळापत्रकातला विषय म्हणून. त्याशिवाय तीन-तीन, चार-चार मुलांना घेऊन आवाज घडवण्याचा वेगळा तास. पालकांना तो पाहायला बोलावले, तेव्हा आम्हीही गेलो. बाईंनी मुलांना पोटावर हात ठेवायला लावले, नाकाने श्वास घ्यायला लावला आणि मग दातांतून 'स्स्स' करीत तो हळूहळू सोडायला लावला. कोण जास्त वेळ पुरवतो ते घड्याळ लावून पाहिले. आम्हाला हसू आले. पोटाचे ऑपरेशन झालेल्या पेशंटला दुसऱ्या दिवशी उठवून बसवायचे आणि छातीत कफ साचू नये म्हणून नेमके हेच करून घ्यायचे, असे आम्ही पस्तीस वर्षे केले. फक्त पेशंट असे हसत नसत.

पुढे हाताच्या खुणा. मूठ म्हणजे 'दो', तिरका तळवा म्हणजे 'रे', आडवा तळवा म्हणजे 'मी'. बाईंनी तोंडाने काही न बोलता नुसता हात हलवायचा आणि मुलांनी गायचे. आमचे हे दहा मिनिटे गप्प बसून पाहत होते. मग एकदम कानाशी म्हणाले, "अगं, तिचा 'दो' सरकतोय. हा तर आपला सा!" त्यांचे खरे होते. या पद्धतीत 'दो' हा पेटीच्या एका पट्टीला खिळलेला नसतो. गाणाऱ्याने जिथे धरला तिथे तो, अगदी आपल्या षड्जासारखा. ही पद्धत जॉन कर्वेन या इंग्रज पाद्र्याने एकोणिसाव्या शतकात रूढ केली. रविवारच्या शाळेतल्या, नोटेशन न येणाऱ्या मुलांना गाता यावे म्हणून. मिशनऱ्यांनी ती जगभर नेली, हिंदुस्थानातही आणली. त्या रात्री आजोबा आणि नात पेटी घेऊन बसले. एक सारेगम म्हणतो, दुसरी दोरेमी. आवाज तोच. (पेटी आम्ही विमानाने सामानातून आणली होती. सून तेव्हा हसली होती.)

इथवर सगळे छान होते. नाताळची गाणी होतात, ती आम्ही कानाआड केली. नोव्हेंबरात कंदील घेऊन मुले गात फिरतात, तेही पाहून आलो. मग जानेवारीत शाळेची चिठ्ठी आली. ईस्टरच्या आधी बाखचे 'मत्तय पॅशन' होणार, गायनवर्गाची मुले त्यात गाणार.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. योहान सेबास्टियन बाखने मत्तयच्या शुभवर्तमानातील येशूच्या अटकेची आणि मृत्यूची कथा संगीतात बांधली. पहिल्यांदा ती लाइपझिगमध्ये १७२७ साली गुड फ्रायडेला झाली असे अभ्यासक मानतात. दोन गायनवृंद, दोन वाद्यवृंद, जवळजवळ तीन तासांचे काम. एक जण कथा सांगतो, मध्ये पात्रे बोलतात, मध्ये थांबून एखादे गीत होते, मग पुन्हा कथा. आपल्या कीर्तनाचा पूर्वरंग-उत्तररंग ज्याने ऐकला आहे त्याला ती बांधणी अनोळखी वाटणार नाही. अगदी सुरुवातीला दोन्ही वृंद एकमेकांना प्रश्न-उत्तरे करीत असतात, सूर गडद, आणि त्या सगळ्या कल्लोळाच्या वरून मुलांचे आवाज एक जुनी, साधी, संथ चाल घेऊन येतात. खाली वाद्ये उदास स्वरात आणि वर मुले उजळ स्वरात. बाखने स्वतःच्या हस्तलिखितात ही मुलांची ओळ तांबड्या शाईने लिहिली आहे. पहिल्या भागाच्या शेवटी मुले पुन्हा येतात आणि त्यांचे काम संपते.

अडचण दुसऱ्या भागात आहे. मत्तयच्या सत्ताविसाव्या अध्यायाचे पंचविसावे वचन. पिलाताने हात धुतल्यावर जमाव त्या रक्ताचा दोष स्वतःवर आणि आपल्या मुलांवर ओढवून घेतो, असे तिथे लिहिले आहे. या एका वचनाच्या आधाराने युरोपात शेकडो वर्षे ज्यू माणसांना ख्रिस्ताचे मारेकरी म्हटले गेले. त्याच्या पुढे काय काय झाले ते तुम्हाला सांगायला नको. बाखने हे वचन दोन्ही वृंदांना एकत्र करून गायला लावले आहे.

आमची नात ते गाणार नव्हती. पण ती त्याच छपराखाली असणार होती, आणि आम्हीही.

मुलगा म्हणाला, "आई, ती दहा वर्षांची आहे. तिला चाल आवडते. तुम्ही एवढा विचार का करता?" सुनेचे म्हणणे वेगळे. गाण्यासाठीच शाळा घेतली, आता गाण्यालाच नाही म्हणायचे? आमचे हे काहीच बोलेनात. ते काही बोलेनात म्हणजे त्यांना पटलेले नसते.

नातीला विचारले. ती म्हणाली, "आजी, मला एकच ओळ आहे. ती सगळ्यांच्या वरून जाते." एवढेच. धर्माबद्दल तिने काही म्हटले नाही.

आम्हाला मात्र मिरज आठवले. नर्सिंगचा डिप्लोमा आम्ही तिथल्या मिशन हॉस्पिटलमध्ये केला. डॉ. विल्यम वॉनलेस या प्रेस्बिटेरियन डॉक्टरांनी १८९४ मध्ये उभारलेले ते हॉस्पिटल. आमच्या बॅचमध्ये बेने इस्रायल मुली आम्ही दोघीच. ड्यूटीआधी सकाळी चॅपेल. पांढऱ्या टोप्या, ओळीत उभ्या मुली, पेटीवर एक सिस्टर. 'उपासना संगीत' हे मराठी गीतांचे पुस्तक होते आणि त्यात रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने. ती इतकी आपली वाटत, ओव्या-अभंगांच्या चालीची, की पाय आपोआप ताल धरत. संध्याकाळी गावात सतारमेकरांच्या दुकानांवरून जावे तर कोणीतरी नवा तंबोरा जुळवत बसलेला असायचा, आणि सकाळी हे. आम्ही दोघींनी एक तोड काढली होती. येशूचे नाव आले की ओठ मिटायचे आणि चाल तेवढी नाकातून गुणगुणायची. नाव सरले की पुन्हा तोंड उघडायचे. तीन वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही. किंवा आले असेल आणि त्यांनी सोडून दिले असेल, असे आता वाटते.

एक इंग्रजी गीतही असे, पृथ्वीच्या सौंदर्याबद्दल आभार मानणारे. चाल चटकन बसणारी. त्यात नाव फारसे यायचे नाही म्हणून आम्ही ते मोठ्याने गात असू. इथे आल्यावर कळले की ती चाल याच शहरातली. कोनराड कोखर नावाचा माणूस १८२७ पासून स्टुटगार्टच्या श्टिफ्ट्सकिर्शे या मोठ्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवी. १८३८ मध्ये त्याने ती छापली, पुढे इंग्रजांनी ती कापून आखूड केली आणि 'डिक्स' या नावाने सगळ्या जगात पाठवली. अख्ख्या मंडळीने चार आवाजांत गावे आणि त्यासाठी शाळेतच मुलांना तयार करावे, हा या कोखरचा ध्यास. आमच्या नातीच्या वर्गाचे मूळ तिथवर जाते. आठवड्याची भाजी घ्यायला आम्ही त्याच चर्चवरून जातो.

नणंदबाईंना हे सगळे फोनवर सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही गुणगुणलात, पण मोठ्या होतात. ती लहान आहे." याला काही उत्तर नव्हते.

पण लहान मुलांना ख्रिस्ती शाळेत घालणे आपल्या समाजाला नवे नाही, हेही खरे. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत आले. त्यांच्या आणि नंतर स्कॉटिश मिशनच्या शाळांत, मुंबईत आणि कोकणपट्टीत, आपली पोरे भराभर गेली. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले ते आपल्यासाठीच. त्यांचा हेतू उघड होता, आणि आपल्या पणजोबांनाही तो कळत होता. त्यांनी हिब्रू घेतली, इंग्रजी घेतली, हिशेब घेतला, आणि शनिवारी शनिवार पाळला. धर्म बदललेले अगदी मोजके. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपली स्वतःची इस्राएली शाळा काढली, जी आज माझगावची सर एली कदूरी शाळा म्हणून तुम्हाला ठाऊक आहे. आणि १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी हिंदू कीर्तन ऐकून, त्याच साक्या-दिंड्या-पदांच्या चालींवर अब्राहाम, योसेफ, मोशे यांची मराठी कीर्तने उभी केली. ज्या मराठी बायबलमधून या कथा घरोघरी पोचल्या तेही मिशनऱ्यांचेच भाषांतर. म्हणजे साचा हिंदूंचा, पुस्तक ख्रिस्ती लोकांनी छापलेले आणि कथा आपली. आमच्या आजीला यात काही विचित्र वाटल्याचे आठवत नाही. ती टाळ घेऊन बसायची.

हे सगळे सिनेगॉगमध्ये किद्दुशच्या वेळी एका जख्ख म्हाताऱ्या बाईंना मोडक्या जर्मनमध्ये सांगत होतो. त्या मूळच्या इथल्याच, इथे आता फार थोडे उरलेल्यांपैकी. त्या म्हणाल्या, तुमची नात या मुलखात प्रोटेस्टंट लोकांकडून गाणे शिकणारी पहिली ज्यू मुलगी नव्हे, एकदा एस्लिंगेनला जाऊन या.

एस्लिंगेन लोकल गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर आहे. नेकार नदी, द्राक्षांचे मळे, लाकडी चौकटींची वाकडी घरे. तिथे प्रोटेस्टंट शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय होते आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून त्यात ज्यू तरुणांनाही घेत. खेड्यापाड्यांतल्या ज्यू शाळांना मास्तर हवे होते, आणि खेड्यातला मास्तर म्हणजेच हजान. तेव्हा वाद्य वाजवायला, चार आवाज बसवायला, नोटेशन लिहायला ही मुले ख्रिस्ती मास्तरांपुढे बसून शिकली. व्युर्टेंबर्ग राज्याने १८२८ मध्ये ज्यूंसाठी कायदा केला. त्यानंतर जे सरकारी खाते निघाले त्याच्या नावाचा शब्दशः अर्थ 'इस्राएली वरिष्ठ चर्च कार्यालय' असा होतो. आम्ही दोनदा विचारून खात्री केली. चर्चच. त्या खात्याने १८३६ मध्ये सिनेगॉगसाठी आणि ज्यू शाळांसाठी जर्मन गीतांचे पुस्तक काढले. धाटणी पुष्कळशी शेजारच्या चर्चसारखी. जुन्या लोकांना हे सगळे किती रुचले असेल याची कल्पना येते. त्यांच्यातही कोणाची तरी नणंद असेलच.

पण त्याच एस्लिंगेनमध्ये मायर लेवी नावाचा एक हजान होता. अध्यापक विद्यालयातल्या ज्यू मुलांना तो हजानाचे काम शिकवी. शतकाच्या मध्यावर त्याने बसून दक्षिण जर्मनीतल्या सिनेगॉगच्या जुन्या चाली वहीत उतरवल्या. शब्बाथच्या, सणांच्या, योम किप्पूरच्या. खेड्यातले म्हातारे जशा म्हणत तशा, वळणा-वळणासकट. एक वही नाही, अनेक. लिहायला वापरले ते ख्रिस्ती विद्यालयात शिकवतात तेच नोटेशन. ती खेडी आता आहेत, पण तिथे ज्यू नाहीत. चाली मात्र वाचता येतात.

एस्लिंगेनला टेकडीवर ज्यू अनाथ मुलांचे घर होते, १९१३ ची मोठी इमारत. तिचे प्रमुख थिओडोर रोथशिल्ड. १० नोव्हेंबर १९३८ ला भरदिवसा जमावाने आत शिरून मुलांसमोर मोडतोड केली. स्टुटगार्टचे सिनेगॉग त्याआधीच्या रात्री जाळले होते. आज आम्ही जातो ते १९५२ मध्ये त्याच जागेवर बांधलेले. रोथशिल्ड १९४४ मध्ये थेरेसियनश्टाटच्या छावणीत गेले. स्टुटगार्टच्या संगीत विद्यालयाचे संचालक कार्ल आडलर ज्यू होते. त्यांना १९३३ मध्ये काढून टाकले, तेव्हा त्यांनी बंदी आलेल्या ज्यू गायक-वादकांना गोळा करून वृंद चालवला आणि शेवटी अमेरिका गाठली. शेजाऱ्यांची गाणी उत्तम गाता येत होती म्हणून यांच्यापैकी कोणी वाचले नाही. परतीच्या गाडीत हे म्हणाले, "मग काय ठरवायचं?" आम्ही म्हटले, आधी घरी जाऊन जेवू.

नातीच्या संगीतशिक्षिकेला भेटायला गेलो. तासभर त्यांनी आम्हाला समोर स्वरलिपी उघडून ते वचन दाखवले. मुले ते गात नाहीत, पण वर्गात ते वाचून त्यातून काय अनर्थ झाला हे सांगितले जाते, असे म्हणाल्या. तुमची नात वर्गात नसती तरी सांगितले असते, असेही म्हणाल्या. आम्हाला ते आवडले. अडले ते भलत्याच जागी. तालमीचे निवासी शिबिर होते, शुक्रवार दुपारपासून रविवारपर्यंत. म्हणजे शब्बाथ गेला. इथे घासाघीस झाली आणि तडजोड निघाली ती कोणालाच न आवडणारी. शुक्रवारी रात्री नात घरी, मेणबत्त्या, किद्दुश, चपातीवर हामोत्सी, आणि शनिवारी सकाळी बापाबरोबर गाडीने शिबिराला. सून म्हणाली मैत्रिणींची पहिली रात्र हुकली. आमचे हे म्हणाले शब्बाथला प्रवास झाला. दोघांचेही बरोबर होते.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी होता, पेसाखच्या आदल्या आठवड्यात. घरात साफसफाई अर्धी झालेली, आजीच्या भाषेत सांगायचे तर अनाशी धाकाचा सण तोंडावर, आणि आम्ही कोट घालून चर्चच्या कडक बाकावर बसलेलो. हे टोपी काढेनात. कोणी काही म्हटले नाही. मुले वरच्या सज्जात उभी होती. वाद्ये सुरू झाली. खालचे दोन वृंद एकमेकांना हाका मारू लागले, आणि मग वरून ती ओळ आली. चाळीस मुलांचे आवाज, त्यात आमचा कुठला ते ओळखता येईना. आम्ही ओळखायचा फार प्रयत्न केला. नर्सला वॉर्डात रडणारे आपले बाळ कोणते ते कळते, इथे नाही कळले.

पहिला भाग संपल्यावर मुलांना मोकळे केले. पुष्कळ पालक मुले घेऊन घरी गेले. आम्हीही जाऊ शकत होतो. यांनीच मान हलवली, बसू या म्हणून. नात दोघांच्या मध्ये येऊन बसली आणि पाय हलवत राहिली. मग पिलात आला, आणि मग ते. दोन्ही वृंद एकदम. ते फार थोडा वेळ चालते. नातीने पाय हलवायचे थांबवून आजोबांकडे पाहिले.

ट्राममध्ये तिने विचारले, "आबा, ते लोक म्हणजे आपण?"

"नाही," हे म्हणाले. "ते कोणीतरी लिहिलेले लोक. आपण तेव्हाही असे नव्हतो आणि आताही नाही."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग त्याने त्याला इतके चांगले सूर का दिले?"

याचे उत्तर यांना सुचले नाही. आम्हालाही अजून सुचलेले नाही. फेलिक्स मेंडेल्सझोन, मोझेस मेंडेल्सझोनचा नातू, लहानपणीच बाप्तिस्मा दिलेला, त्यानेच १८२९ मध्ये बर्लिनला हे विस्मृतीत गेलेले काम पुन्हा उभे केले. त्याला हा प्रश्न पडला असेल का, असे नंतर मनात आले.

पेसाख झाला. मे महिन्यात मुलाला नोकरीत बढती मिळाली म्हणून घरी मालिदा केला. पोहे भिजवले, नारळ खवला, साखर, वेलची, पाच फळे. गुलाबाची एकच फांदी मिळाली. एलियाहू हन्नावीचे गीत सुरू केले आणि दुसऱ्याच ओळीला आम्ही दोघे नेहमीप्रमाणे आपटलो. हे तिथे एक सूर वर चढतात आणि घसरत खाली येतात. आम्ही तिथेच थांबतो. लग्नाला चाळीस वर्षे झाली, प्रत्येक मालिद्याला हे होते, आणि प्रत्येक वेळी जो मोठ्याने म्हणतो तो जिंकतो.

नात म्हणाली, "थांबा." आतून पाच रेघांचा कागद आणि पेन्सिल घेऊन आली. "आबा, तू एकटा म्हण." त्यांनी म्हटले. हात हलवत, मूठ, तळवा, तिरका तळवा, तिने पुन्हा म्हणायला लावले. चौथ्यांदा लिहून झाले. यांची ती घसरण, आपण जिला मींड म्हणतो, ती कुठे लिहायची हे तिला कळेना. शेवटी दोन टिंबांच्या मध्ये तिने एक वाकडी रेघ काढली आणि म्हणाली की बाईंना विचारीन. मग, "आजी, आता तू." पानावर दोन ओळी झाल्या. वरच्या ओळीच्या कडेला तिने 'ठाणे' लिहिले, खालच्या ओळीच्या कडेला 'अलिबाग'. कुठली बरोबर, असे तिने विचारले नाही. बशीतल्या मालिद्याचे फळ मात्र कागदावर सांडले.

त्या कागदाचा फोटो आणि आमच्या दोघांच्या आवाजातले दोन्ही तुकडे नणंदबाईंना पाठवले. पाच मिनिटांत फोन. "दोन्ही चूक. आई अशी म्हणायची." आणि त्यांनी अश्दोदहून तिसरीच चाल म्हटली, तीही त्याच घरातली, त्याच आईची. हे म्हणाले, "आई असं कधीच म्हणत नव्हती." नातीने पाना-खाली तिसरी ओळ ओढली.

तर मंडळी, विनंती अशी. तुमच्या घरी मालिद्याला एलियाहूचे गीत कसे म्हणतात ते मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा. मूळ गाव कोणते, कोणाकडून शिकलात, तेवढे आधी बोलून घ्या. पेण, पनवेल, रेवदंडा, म्हसळा, श्रीवर्धन, कुठलेही चालेल. कीर्तनातले एखादे पद कोणाच्या आजीला येत असेल तर तेही. आवाज चांगला हवा असे नाही. फक्त पंखा बंद करा आणि टीव्हीही, कारण ती ऐकून ऐकून लिहिते आणि मागे कुकरची शिट्टी झाली की वैतागते.